फाइलीवरचा तीन

माझे घरमालक रोज सकाळी माझ्या स्कूटरला लाथ मारायचे. पुढच्या चाकाला एक, मागच्या चाकाला एक. पहिल्या दिवशी खिडकीतून ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. मी मूळची सासवडची, त्यात फटकळ. तोंडात ब्रश तसाच ठेवून बाहेर गेले आणि म्हटलं, "अहो आण्णा, काय वैर आहे का माझ्या गाडीशी?"

आण्णा शांतपणे म्हणाले, "मागच्यात हवा कमी हाय. जाताना भरून घ्या."

हवा खरंच कमी होती. मग ती लाथ रोजचीच झाली. पुढं पुढं मला त्या आवाजानंच जाग यायची.

आण्णा एस्टीत ड्रायव्हर होते, भोर डेपोत. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी भोर-महाड केलं, म्हणजे वरंधा घाट. मी मार्गासनीजवळच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आले तेव्हा ते रिटायर होऊन चार-पाच वर्षं झाली होती. बायको वारलेली, मुलगा-सून पुण्याला, आणि घरातल्या दोन खोल्या रिकाम्या. त्यांनी मला खोली दाखवली, नळ दाखवला आणि एकच अट घातली. स्कूटर लावायची ती तोंड रस्त्याकडं करून. "अडीनडीला निघायचं म्हटल्यावर काय रिव्हर्स मारीत बसायचं?" आता माझी बदली भोरला झालीय, पण स्कूटर मी अजून तशीच लावते.

घरात एका खोलीतून दुसरीत जाताना ते तोंडानं हॉर्न द्यायचे. "पों!" लग्न नवं असताना एकदा उंबऱ्यातच बायकोशी टक्कर झाली आणि गरम चहा दोघांच्या अंगावर सांडला, तेव्हापासून ही पद्धत. बायको गेली तरी हॉर्न राहिला. पाहुणे दचकायचे. मला इतकी सवय झाली की सकाळी हॉर्न ऐकू आला नाही तर मी भिंतीपलीकडून ओरडायचे, "आण्णा, बरं आहे ना?"

सगळ्या जगाची त्यांनी तीन भागांत वाटणी केलेली होती. सपाटीचा, घाटाचा आणि डेपोतला. सोप्या दिवसांत गोड वागणारा तो सपाटीचा. अवघड वळणावर ज्याच्या भरवशावर डोळे मिटावेत तो घाटाचा. आणि ज्याला रस्त्यावर काढूच नये तो डेपोतला. पानशेतला रविवारी मिसळ खायला येणारं अख्खं पुणं त्यांच्या लेखी सपाटीचं होतं. दोन जावई डेपोतले होते, हे ते जावयांच्या तोंडावर सांगायचे. मला त्यांनी वर्षभर सपाटीत ठेवलं. मग एकदा मी एका अडलेल्या बाईला भर पावसात जीपमध्ये घालून, वाटेत पडलेलं झाड हटवून वेल्ह्याला पोचवलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर आण्णा जाहीर करून आले, "आमच्या बाई घाटाच्या निगाल्या."

त्यांचा राग फक्त एका जातीच्या माणसांवर होता. गाडीत ओकणाऱ्या. "खिडकीतनं मुंडकं भाईर, आन् गाडीची आख्खी बाजू खराब! पोटात दम न्हाई तर गाडीत चढायचं कशापायी?" हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू काल रात्रीच त्यांनी स्वतः ती बाजू धुतलीय.

स्वतः मात्र ते कुणाच्या गाडीत बसायचे नाहीत. वऱ्हाडाचा टेम्पो निघाला की बाकीचे मागं आणि आण्णा स्टिअरिंगवर. इतर वेळी आपली जुनी मोटारसायकल. माझ्या स्कूटरवर बसा म्हटलं तर, "मी चालत येतो, तुमी व्हा म्होरं." मला वाटायचं, बाईमाणसाच्या मागं बसायला लाजतात. गावाला वाटायचं, ड्रायव्हरकीचा ताठा आहे. आम्ही सगळेच चुकत होतो.

मग आण्णांच्या आतड्यात गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं. गावात आण्णांनी सांगितलं, "इंजिनाचं काम निघालं हुतं, केलं." नंतर केमो सुरू झाली. मुलानं पहिलं काम काय केलं असेल, तर मोटारसायकल नेऊन पुण्याला ठेवली. आता दर काही आठवड्यांनी आण्णा सकाळच्या एस्टीनं एकटे पुण्याला जायचे. मुलगा कंपनीतून परस्पर हॉस्पिटलच्या फाटकाशी यायचा, औषध चढवून झालं की त्यांना घरी न्यायचा आणि दोन दिवसांनी आपल्या गाडीतून गावी आणून सोडायचा. त्या गाडीत आण्णा मागच्या सीटवर डोळे मिटून आडवे असायचे. औषधाचा थकवा, असं आम्ही समजायचो.

त्याच सुमारास तालुक्याला आमचं एक ट्रेनिंग झालं. कॅन्सरच्या पेशंटची घरी काळजी कशी घ्यायची याचं. त्यात एक कागद मिळाला. पेशंटची रोजची हालचाल बघून त्याला आकडा द्यायचा. शून्य म्हणजे धडधाकट माणसासारखं सगळं करतो. एक म्हणजे जड काम जमत नाही, बाकी सगळं होतं. दोन म्हणजे आपलं आपण आवरतो, पण काम होत नाही, मधेमधे पडावं लागतं. तीन म्हणजे अर्ध्याहून जास्त दिवस अंथरुणात. चार म्हणजे अंथरुणालाच खिळलेला. कागद हातात आला आणि समोर पेशंट आयताच होता. मी आण्णांना ओट्यावर बसवलं.

"हलकं घरकाम करता का?"

"हलकं म्हंजे किती किलो?"

"किलो नाही हो. झाडणं, स्वयंपाक..."

"सकाळी चार भाकरी थापतो. दोन मी खातो, एक कुत्रं, एक तुमी."

"जिना चढता येतो का?"

आण्णांनी घराकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "हितं जिना कुठाय?"

"समजा असला तर?"

"नसलेल्या जिन्यावर कसा चढू, बाई?"

मी कपाळाला हात लावला आणि लिहिलं: एक. त्यांना सांगितलं तर बेहद्द खूश. दुपारपर्यंत टपरीवर बातमी गेली की आण्णांचा सरकारी तपासणीत पैला नंबर आला. त्यात नंबर नसतो, एकाच्याही वर शून्य असतो, हे मी दोनदा समजावलं. "शून्य मिळालेला कुणी पास झालेला म्या बगितला न्हाई," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला.

आणि मग एक दिवस ते पुण्याहून आले आणि फाइल माझ्या हातात दिली. आधीचं औषध आता लागू पडत नव्हतं. दुसरं होतं, पण कडक. डॉक्टरांनी मुलाला सांगितलं होतं की तब्येत बघता ते झेपणार नाही. पुढच्या खेपेला एकदा बघू, नाहीतर औषध बंद करू. मग घरीच ठेवा, दुखण्यावर गोळ्या देऊ. वरच्या कोपऱ्यात डॉक्टरांच्या अक्षरात आकडा होता. तीन.

"तुमच्यात पैला हुतो," आण्णा म्हणाले. "पुण्यात तिसरा आलो." त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "म्हंजे मला डेपोत लावला का, बाई?"

मला इतका संताप आला! त्या तीनचा अर्थ मला माहीत होता. तीनवाल्याला ते औषध देत नाहीत. द्यायचं नसतंच, शरीर ते सोसत नाही. पण हा माणूस रोज सकाळी भाकरी थापतो, माझ्या स्कूटरला लाथ मारतो, संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलेला असतो. हा तीन? डॉक्टरला डोळे आहेत की नाहीत? एका आकड्यापायी आण्णांना औषधानं मिळतील ते महिने जाणार होते. मी ठरवलं, पुढच्या खेपेला आपण जायचं आणि तो आकडा बदलून आणायचा.

आण्णा ऐकेनात. "तुमची ड्युटी बुडंल." मी म्हटलं, रजा टाकलीय. "गर्दी असती." असू दे. "बरं या, पन तुमी मागं बसा, मी पुढं बसतो." का म्हणून? तेवढ्यात एस्टी आली. ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेला निघाला. "आण्णा! या, या, म्होरं बसा." आण्णा ताठ मानेनं पुढच्या सीटवर बसले आणि मी कुणाचं न ऐकता त्यांच्या शेजारी बसले.

मार्गासनी येईपर्यंत गप्पा चालल्या होत्या. मार्गासनी गेलं आणि आण्णा बोलायचे थांबले. दोन्ही हात मांडीवर, आणि बघते तर हात हलतायत. वळण आलं की डावा-उजवा, डावा-उजवा, मधेच पाय खाली दाबला जातोय. नसलेला ब्रेक! चेहरा पांढरा पडत चाललेला, कपाळावर घाम. नसरापूरच्या स्टँडवर ते घाईनं उतरले आणि गाडीच्या मागं गेले. मी मागोमाग गेले. आण्णा चाकाला एक हात टेकून ओकत होते.

मी पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. आणि माझ्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं. वऱ्हाडाचा टेम्पो, माझी स्कूटर, मुलाच्या गाडीत मिटलेले डोळे.

"आण्णा! तुम्हाला गाडी लागते?"

"हळू बोला!" आण्णांनी दचकून पुढं बघितलं. "ड्रायव्हर ऐकंल."

मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी तोंड पुसलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "चाकावर असलो की काय न्हाई हुत. चाक दुसऱ्याच्या हातात गेलं की लागती. लहानपणापासनं."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत? ते तुम्हाला असंच बघतात, असं गळालेलं. म्हणून तर तीन!"

"काय सांगू? वरंदा घाट काढला जन्मभर, आन् मला एस्टी लागती? पोरगं हुबं असतं तिथं. नर्सा असत्यात." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तीन तर तीन. तुमी सांगायचं न्हाई. शपथ हाय."

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं? जीव जाईल तर जाऊ दे, पण ड्रायव्हरला गाडी लागते हे कळता कामा नये! मी चिडले, हात जोडले, शेवटी शपथ घेतली. गाडी सुटायची होती. कात्रजपर्यंत त्यांच्यात काही उरलं नाही.

हॉस्पिटलच्या फाटकाशी मुलगा उभा होता. त्यानं बापाला धरूनच आत नेलं. डॉक्टर तरुण होते, तिशी-पस्तिशीचे. बाहेर बाकांवर जागा नव्हती इतके पेशंट, तरी बोलायला गोड. "या काका. कसं वाटतंय?"

"बरं हाय," आण्णा भिंतीला डोकं टेकवून, डोळे न उघडता म्हणाले.

डॉक्टरांनी मुलाकडं असं बघितलं की मला पुढचं सगळं कळलं. मी मधे पडले. "साहेब, मी यांच्या गावची नर्स. यांच्याच घरात राहते. तो तीन चुकलाय."

"सिस्टर, मी समोर बघतो ते लिहितो. आता तुम्हीच बघा ना."

"तुम्ही दहा मिनिटं बघता. मी रोज बघते. भाकरी करतात, झाडलोट करतात. एक आहे तो. एक!"

"घरच्या माणसांना जरा बरंच दिसतं," डॉक्टर म्हणाले.

"आणि तुम्हाला जरा वाईटच!"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी एक लिहिला, औषध दिलं आणि ते झेपलं नाही, तर आहेत तेही चांगले दिवस जातील त्यांचे. मग?" त्यांचं म्हणणं मला पटत होतं. पण मी मागं हटणारी नव्हते, आणि जिभेवर आलेली गोष्ट शपथेपायी गिळत होते. ते तीन म्हणत होते, मी एक म्हणत होते. ज्यांचा आकडा ते आमच्या मधे डोळे मिटून बसले होते.

आण्णांनी एकदम हात वर केला. रस्त्यात एस्टी थांबवायला करतात तसा.

"साहेब, मला गाडी लागती."

"काय?" मुलगा म्हणाला.

"चाकावर असलो की न्हाई. पाशिंजर झालो की लागती. हितं येतो तवा मी असाच असतो. दोन तास पडलो की उटतो." त्यांचे कान लाल झाले होते. मुलाला आधी हसू फुटलं, मग त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. पस्तीस वर्षांचा मुलगा, त्याला बापाची ही गोष्ट माहीत नव्हती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मला तर आकाश ठेंगणं झालं. "बघा! मी काय सांगत होते? एक!"

"बाई, तुमी बी थांबा जरा," आण्णा म्हणाले.

मी थांबले.

"तुमी साडेआठला जाता, साडेपाचला येता. मधलं तुमाला काय म्हाईत?" मग ते डॉक्टरांकडं वळले आणि सगळं सांगून टाकलं. सकाळी भाकऱ्या होतात, पण झाल्या की तिथंच भिंतीला टेकावं लागतं. एकपासून चारपर्यंत उठवत नाही. हंडा उचलत नाही, अर्धी बादली दोनदा नेतात. औषधानंतरचे चार दिवस आंघोळ बसून. "पाचला उटतो. त्वांड धुतो, इस्त्रीचं शर्ट घालतो आन् ओट्यावर येऊन बसतो. मग ह्यांची गाडी वळती."

"का पण?" माझ्या तोंडून निघून गेलं. "माझ्यापासून का लपवायचं, आण्णा? मी नर्स आहे!"

"म्हनूनच की. दिसभर दुखणेकरीच बगून येता तुमी. घरी आल्यावर आनि एक कशाला?"

मी खाली बघितलं. भिंतीपलीकडं राहत होते मी. या माणसाच्या हातची भाकरी खात होते. आणि मी लिहिलेला एक म्हणजे आण्णांनी माझ्यासाठी घातलेला इस्त्रीचा शर्ट होता. डॉक्टर फसले ते प्रवासामुळं. मला मात्र आण्णांनी मायेनं फसवलं होतं. मला फार लाज वाटली, आणि त्यांचा फार लळा लागल्याचं तिथंच कळलं.

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. शून्यापासून चारपर्यंत सगळ्या ओळी त्यांनी सावकाश मराठीत सांगितल्या. "काका, आता तुम्हीच सांगा. किती लिहू?"

आण्णांनी विचार केला. "दोन. एक लिवलं तर औषध भारी पडंल. तीन लिवलं तर मिळणार न्हाई. आन् खरं बगाल तर दोनच हाय."

डॉक्टरांनी तीनवर काट मारली आणि दोन लिहिलं. औषध सुरू करायचं, पण कमी मात्रेनं. पुढच्या वेळी आदल्या दिवशीच मुलाकडं येऊन झोपायचं आणि सकाळी ताजं होऊन दाखवायला यायचं. शिवाय गाडी लागू नये म्हणून एक गोळी लिहून दिली. आण्णांनी चिठ्ठी उलटीसुलटी केली आणि माझ्याकडं सरकवली. "ही तुमच्या नावानं घ्या. मेडिकलवाला वळकीचा हाय." पुढं मी ती गोळी माझ्याच नावानं आणत राहिले. नसरापूरचा मेडिकलवाला अजूनही भेटला की विचारतो, "सिस्टर, गाडी लागायची थांबली का?"

त्या औषधावर आण्णांनी सव्वादोन वर्षं काढली. चांगली काढली. नातीच्या बारशाला जेवले, आणखी एका जावयाला डेपोत घातलं, आणि अगदी शेवटचे काही आठवडे सोडले तर माझ्या चाकांची हवा तपासली. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होत आलं. पण मला आठवते ती एक साधीच दुपार.

नवीन औषधाचा पहिला डोस होऊन तीन-चार दिवस झाले होते. मी एरवी उपकेंद्रातच डबा खायचे. त्या दिवशी एक वाजता स्कूटर काढली आणि घरी आले. आण्णांचं दार लोटलेलं होतं. ते बनियनवर खाटेवर पडले होते, शर्ट खुंटीला. मला बघून त्यांचा हात शर्टाकडं गेला. मी जमिनीवर बसले आणि डबा उघडला.

"आज लौकर?" त्यांनी विचारलं.

"जेवायला आले. रोज येणार आहे आता."

हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला. मी जेवत होते, ते आढ्याकडं बघत होते. जेवण होत आलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, त्यो तांब्या द्या जरा हिकडं. मला उटवत न्हाई."

इतक्या वर्षांत हातात आणून द्या म्हणून त्यांनी माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट. मी एका हातानं त्यांचं डोकं उचलून धरलं आणि दुसऱ्या हातानं तांब्या तोंडाला लावला. ते पोटभर पाणी प्यायले आणि माझ्यादेखत पुन्हा आडवे झाले.